थोरल्या घरचा पाहुणा

बापू जामदारांकडे फोन नव्हता. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की आपण नंबर लावलाय हेच ते विसरत चालले होते. माधव नगरातल्या त्या गल्लीत ज्याला कोणाला फोन यायचा तो भय्यासाहेबांकडे, आणि भय्यासाहेब फोनबरोबर आपलं मतही फुकट द्यायचे. त्या दिवशी त्यांनी खिडकीतून हाक मारली, "बापू, पुण्याचा फोन आहे, जल्दी या," आणि बापू चपला न घालताच धावले.

पलीकडचा आवाज तरुण होता. "काका, मी आल्हाद जामदार. थोरल्या घरचा. बाबा गेले ते कळलंच असेल तुम्हाला. मला जरा उज्जैन बघायचं होतं. दोन-तीन दिवस आलो तर चालेल?"

"चालेल की, घर आपलंच आहे," बापू म्हणाले, आणि फोन खाली ठेवेपर्यंत त्यांना स्वतःचाच राग आला. थोरल्या घरच्या माणसाला असं कोणी म्हणतं का?

"उज्जैन बघायला?" भय्यासाहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं. "इतक्या वर्षांत तुमच्या थोरल्या घरचं कोणी फिरकलं नाही. तुमच्या आई गेल्या तेव्हासुद्धा नाही. आणि आता एकदम दर्शन? इंदूरचा किस्सा माहीत आहे ना? एका घरातले पिढीजात चांदीचे देव मुंबईच्या पार्टीने उचलले. मार्केट खुलं झालंय बापू. बाहेरचे लोक जुनी चीज बघितली की पागल होतात. ड्रॉइंग रूममध्ये लाइट लावून ठेवतात देवाला."

"आल्हाद घरचा माणूस आहे," बापू म्हणाले.

"मी कुठे म्हटलं नाही म्हणून?" भय्यासाहेब म्हणाले. बापू घरी आले ते शंकेची पाल बरोबर घेऊनच.

इथे जामदारांच्या देवांची हकीकत सांगायला हवी, नाहीतर बापू एवढे का घाबरले ते कळायचं नाही. शिंदे सरकारची राजधानी उज्जैनला होती तेव्हा हे घराणं सरकारच्या जामदारखान्यावर होतं. वस्त्रं, दागिने, नजराणे, सगळं यांच्या ताब्यात. दुसऱ्याच्या वस्तूवर नजर ठेवणं हे यांच्या रक्तातच. पुढे राजधानी ग्वाल्हेरला गेली, जामदार मात्र इथेच राहिले. बापूंचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे झाले तेव्हा थोरले पुण्याला निघाले. रिवाजाप्रमाणे मूळ देव थोरल्या घरी जातात, धाकट्याने नवे टाक घडवून घ्यायचे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची मूर्त, तळहाताएवढी. जामदारांचे दोन टाक होते, खंडोबाचा आणि भवानीचा. थोरल्यांनी खंडोबा उचलला, आणि भवानीला हात घालणार इतक्यात बापूंच्या आजीने तिला पदराखाली घेतलं. "नवी करायची तर तुम्ही करून घ्या," म्हणाली, आणि कोणाचंही ऐकलं नाही. भांडण तिथेच थांबलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हापासून धाकट्या घराच्या देव्हाऱ्यात भवानी, आणि तिच्या शेजारी, खंडोबाच्या जागी, सुपारी. बापूंच्या आईने जन्मभर त्या सुपारीला अंघोळ घातली, भंडारा वाहिला, चंपाषष्ठीला वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवला. शेवटच्या आजारातसुद्धा तिचा एकच ध्यास होता, माझा खंडोबा एकदा या घरी यावा. बापूंनी तिला "येईल" म्हणून सांगितलं होतं. कसा येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आणि आता थोरल्या घरचा माणूस येत होता, तोही चंपाषष्ठीच्या तोंडावर. खंडोबा यायचा राहिला बाजूला, आहे ती भवानीही जायची वेळ आली, असं बापूंनी मनाशी पक्कं केलं. रिवाजाने तो मागू शकत होता. मागितली तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? मग मागायची वेळच येऊ द्यायची नाही, हे बरं.

दुर्गाबाई भाजी आणायला गेल्या होत्या तेवढ्यात बापूंनी देवीला नमस्कार केला, खणात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खोल पुरलं. देवीच्या जागी दुसरी सुपारी ठेवली. दुर्गाबाई आल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि जागीच थांबल्या.

"देवी कुठाय?"

"तांदळात."

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? खामखा शक करता माणसावर. सरळ विचारा ना त्याला, बाबा रे, का आलास म्हणून."

"विचारलं की तो मागणार. तू चूप बस. कोणी विचारलं तर बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणायचं."

"मी नाही म्हणणार."

"मग काहीच म्हणू नको."

दुर्गाबाईंनी खरंच काही म्हटलं नाही. त्यांनी कुंकवाची कोयरी घेतली, तांदळाच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि डब्यासमोर निरांजन लावलं.

बापू पाहुण्याला घ्यायला स्टेशनवर गेले. उज्जैनच्या स्टेशनवर त्यांचा सगळा जन्म गेला होता. पार्सल ऑफिसात नोकरी. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आत काय आहे? पेटी असो, पोतं असो, कोंबड्यांची खुराडी असो, आत काय आहे ते सांगितल्याशिवाय बापू शिक्का मारत नसत. हाताने नुसतं उचलून माल ओळखायचे.

आल्हाद डब्यातून उतरला. तिशी ओलांडलेला, चष्मा, डोक्यावर वडील गेल्यामुळे काढलेले आणि आता थोडे वाढलेले केस. वाकून नमस्कार केला. एका हातात बॅग होती, खांद्याला जाड कापडाची पिशवी. बापूंनी सवयीने पिशवीला हात घातला, तसा तो झटकन मागे सरकला.

"राहू द्या काका. ही मी घेतो. तुम्ही बॅग घ्या हवी तर."

घ्या! बापूंनी मनात म्हटलं. जड बॅग दुसऱ्याच्या हातात देतो आणि लहानशी पिशवी सोडत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, आणि त्यांच्यातला एकही सरळ निघाला नव्हता. आत काय आहे, हे शब्द ओठांवर आले होते. पण पाहुण्याला असं कसं विचारायचं, म्हणून गिळले.

घरी आल्यावर हातपाय धुऊन आल्हाद सरळ देव्हाऱ्यापाशी गेला. पिशवी खांद्यावरच. त्याने हात जोडले आणि मग बराच वेळ तसाच बघत राहिला. दोन सुपाऱ्या, एक बाळकृष्ण, भिंतीवर महाकालाची तसबीर.

"देवीचा टाक?" त्याने विचारलं.

आला मुद्द्यावर, बापूंनी मनात म्हटलं. आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता. "लॉकरमध्ये आहे. फ्रीगंजला, बँकेत. आजकाल चोऱ्या फार. कोण कुठल्या मतलबाने येईल, पता नाही."

"मग पूजा?"

"दसऱ्याला काढतो एकदा. बाकी वर्षभर सुपारीवरच." खोटं एकदा सुरू झालं की त्याला भरीव करावं लागतं, म्हणून बापू पुढे म्हणाले, "जमाना बदललाय. रोज कोण करत बसतं?"

आल्हादने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला, आणि तो का उतरला हे बापूंना अगदी स्वच्छ कळलं, असं त्यांना वाटलं. डाव फसल्यावर माणसाचा चेहरा उतरतोच.

जेवताना तो म्हणाला, "मला कंपनी बाहेर पाठवतेय काका. ह्यूस्टनला. फ्लॅट विकला पुण्याचा. परत कधी येईन सांगता येत नाही." बापूंनी दुर्गाबाईंकडे पाहिलं. ह्यूस्टन. ड्रॉइंग रूम. लाइट. भय्यासाहेबांचा शब्द न् शब्द खरा होत होता.

"काकू, भात नाही का?" आल्हादने विचारलं.

"तांदूळ संपलेत," दुर्गाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे न बघता त्याला आणखी एक बाफला, तुपात भिजवलेला कणकेचा गोळा, वाढला. देवी तांदळात असताना त्या डब्यात हात घालणार नव्हत्या.

बापूंनी रात्रीच बेत ठरवला. याला घरात बसूच द्यायचं नाही. उज्जैन बघायला आलास म्हणतोस ना, मग बघ. पाय दुखेपर्यंत बघ.

सकाळी महाकाल झालं. गर्दीत, ओल्या फरशीवर, पंड्यांच्या धक्काबुक्कीत बापूंचं लक्ष महाकालाकडे अर्धं आणि पिशवीकडे पूर्ण. आल्हादने बूट बाहेर ठेवले, बॅग घरी ठेवलेली, पण पिशवी छातीशी धरून आत नेली. बाहेर आल्यावर बापू म्हणाले, "इथला राजा हा एकच. म्हणून दुसऱ्या राजाने उज्जैनला रात्री मुक्काम करायचा नाही, असा रिवाज. शिंदे सरकारसुद्धा वेशीबाहेर राहायचे."

आल्हाद हसला. "थोरल्या घरच्यांना तरी मुभा आहे ना?"

बापू हसले नाहीत. थोरलं घर, थोरलं घर. हक्काची आठवण करून देतोय, दुसरं काय?

तिथून गोपाल मंदिर. गाभाऱ्याचे चांदीचे दरवाजे पाहून सगळेच थबकतात, पण आल्हाद त्यांच्या अगदी जवळ गेला. बोटाने नक्षी चाचपली. ठोकून उठवलेल्या फुलांवरून हात फिरवत म्हणाला, "किती जुनं काम आहे, आणि तरी काळं पडलेलं नाही. हात लावणारे रोज असतील म्हणून." बापूंनी त्या बोटांकडे पाहिलं. पारखी बोटं. सराफाची असतात तशी.

बापू चपला शोधण्यात गुंतले तेवढ्यात आल्हाद नाहीसा झाला.  पटनी बाजारात ते धापा टाकत शिरले, दुकानामागून दुकान बघत. एका चांदीवाल्याच्या गादीवर आल्हाद पाठमोरा बसला होता. पिशवी मांडीवर, तिचं तोंड उघडलेलं, आणि चांदीवाला वाकून आत बघत होता. मग त्याने पट्टीने काहीतरी मोजलं. आल्हाद हळू आवाजात बोलत होता आणि हाताने आकार दाखवत होता, तळहाताएवढा. बापू खांबाआड उभे राहिले.  आत काहीतरी आहेच, आणि त्याच्या जोडीला देवी हवी आहे, एवढं त्यांनी ओळखलं. यात त्यांचं चुकलंही नव्हतं, हेच मोठं दुर्दैव.

आल्हाद बाहेर आला तेव्हा पिशवी फुगलेली होती. "काही खरेदी?" बापूंनी जमेल तितक्या सहज विचारलं.

"थोडीशी," आल्हाद म्हणाला. "नंतर दाखवतो."

दुसऱ्या दिवशी वेधशाळा. क्षिप्रेच्या अंगाला, टेकाडावर, ती दगडी यंत्रं उन्हात पांढरी दिसत होती. एके काळी सगळ्या देशाची वेळ इथून मोजायचे, हे बापू प्रत्येक पाहुण्याला छाती फुगवून सांगत. आज त्यांनी उरकून टाकलं. आल्हाद सावलीच्या घड्याळापाशी उभा राहिला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाला, "काका, बँक किती वाजेपर्यंत असते?"

"का?"

"लॉकर उघडता येईल का? एकदा देवीला बघायचं होतं. बघून मग काय ते ठरवतो."

काय ठरवतो? विकायचं की न्यायचं? बापूंची कानशिलं तापली. "लॉकरवाला साहेब सुटीवर आहे," ते म्हणाले. "किल्ली त्याच्याकडे."

"एक किल्ली तर आपल्याकडे असते ना?"

"एकीने उघडत नाही."

आल्हाद त्यांच्याकडे बघत राहिला. खोटं पकडल्यावर सभ्य माणूस बघतो तसं, दुसऱ्याची लाज स्वतःच्या तोंडावर घेऊन. बापूंना ते झोंबलं, आणि झोंबल्यामुळे त्यांचा राग दुप्पट झाला.

मग टेम्पोने भैरवगढ. कालभैरवाच्या तोंडाला पुजाऱ्याने दारूची बशी लावली आणि दारू आटत गेली, ते आल्हादने लहान मुलासारखं बघितलं. छिप्यांच्या, म्हणजे कापडावर ठसे मारणाऱ्यांच्या, अंगणात लाल-काळी कापडं वाळत होती. त्यातलं एक त्याने घेतलं, लहानसं, लाल. "काकूंसाठी?" बापूंनी विचारलं. "नाही," आल्हाद म्हणाला, "गुंडाळायला लागेल कदाचित. नाही लागलं तर अंथरायला होईल." परतीच्या वाटेवर बापू एकच विचार करत राहिले, गुंडाळायला, पण कोणाला?

संध्याकाळी फ्रीगंजमध्ये टॉवरपाशी तो एसटीडी बूथमध्ये शिरला. फ्रीगंज त्या वर्षी ओळखू येत नव्हतं. जिथे सायकलींची दुरुस्ती व्हायची तिथे टीव्हीचं काचेचं दुकान, घराघरावर केबलच्या तारा, कोल्ड्रिंकचे लाल-निळे फलक. बापू बूथच्या बाहेर पाठ करून उभे राहिले आणि कान मागे लावले. काचेचं दार नीट लागत नव्हतं.

"नाही गं, अजून दाखवली नाही," आल्हाद बायकोला सांगत होता. "टाळतायत. मला वाटतं आता त्यांच्याकडे नाहीच... हो, उद्या सकाळपर्यंत बघतो. नाहीतर मग करून टाकतो. बाबांनी सांगितलंच होतं दोन्ही."

करून टाकतो म्हणजे काय? बापूंना रात्रभर तेच सतावत होतं. पोलिसात जाईल? वकील आणेल? मध्येच उठून ते स्वयंपाकघरात गेले आणि डब्याचं झाकण लागलंय ना बघून आले. दुर्गाबाई जाग्याच होत्या. "देवीसमोर खोटं बोललात तुम्ही," त्या अंधारातच म्हणाल्या.

"समोर होती कुठे ती?"

"डब्यात होती. ऐकत होती."

चंपाषष्ठी उजाडली. आल्हादने अंघोळ केली, सामान आवरलं, काकूंना नमस्कार केला. पुन्हा एकदा देव्हाऱ्यापुढे उभा राहिला. दोन सुपाऱ्या तशाच. तो वळला आणि म्हणाला, "काका, दुपारच्या गाडीआधी मला रामघाटावर न्याल? बाबांचं एक काम राहिलंय. मग तिथूनच स्टेशनला जातो."

रामघाट! बाबांचं काम! बापूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अस्थी. गेलेल्या वडिलांच्या अस्थी घेऊन पोरगा आलाय. म्हणून पिशवी सोडत नव्हता, म्हणून खाली ठेवत नव्हता. चांदीवाल्याकडे असेल काही दान द्यायचं. बापूंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी आपणहून रिक्षा थांबवली आणि भाड्याची घासाघीसही केली नाही. पोरगा जाणार, देवी राहणार. थोडी शरमही वाटली. स्टेशनवर जाताना याच्यासाठी केळी घेऊ, गाडीत खायला, असं त्यांनी ठरवलं.

घाटावर थंडीमुळे गर्दी कमी होती. आल्हादने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला, दोन पायऱ्या खाली. बापू वरच्या पायरीवर, हात जोडून. मेलेल्या माणसाशी कसलं वैर, असं स्वतःशी म्हणत.

आल्हादने पिशवीतून भैरवगढचं लाल कापड काढलं, आणि त्यात गुंडाळलेलं काहीतरी उलगडलं. आधी पिवळा भंडारा सांडला. मग चांदी चमकली. बापूंनी डोळे बारीक केले. घोडा होता. घोड्यावर बसलेला, हातात खड्ग उगारलेला, आणि कडेने दाण्यांची ओळ. ती दाण्यांची ओळ बापू जन्मापासून ओळखत होते. त्यांच्या देवीच्या कडेलाही तशीच होती, एकाच हाताने ठोकलेली.

आल्हादने टाक कपाळाला लावला. "येळकोट," एवढंच म्हणाला आणि टाक पाण्यात सोडला.

 पाण्यावर भंडाऱ्याचा पिवळा डाग पसरला आणि हळूहळू पुलाकडे निघाला. मग आल्हादला मागे धपकन आवाज आला. बापू पाण्यात उतरले होते, धोतर-कोटासकट, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, पायांनी तळ चाचपत.

"काका! काय शोधताय? काय पडलं?"

"खंडोबा," बापू म्हणाले. "खंडोबा कुठे टाकलास? इथेच टाकलास ना? पायाला लागत नाही रे."

"काका, वर या. मी सोडला त्याला. विधीने सोडला."

"का पण? का?"

आल्हादने त्यांचा दंड धरला. "बाबांनी सांगितलं होतं. तू चाललास परदेशात, तिकडे देवाला एकटं बसवू नकोस. उज्जैनला ने, देवीशेजारी ठेव. पण आधी नीट बघ, तिथे पूजा होते का. होत असेल तर हात जोडून दे, आमच्या घराचा हट्ट संपला म्हणून सांग. नसेल होत, तर कोणाच्या लॉकरमध्ये देऊ नकोस. क्षिप्रेत सोड. मी दोन दिवस वाट बघितली काका. तुम्ही देवीच बँकेत टाकलेली."

बापू पाण्यात उभे होते.  आता खोटं तसंच ठेवता आलं असतं. आल्हाद गाडीत बसला असता, ह्यूस्टनला गेला असता, आणि कोणालाच काही कळलं नसतं. बापूंना ते सुचलंही. पण आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि त्यांना रडू फुटलं.

"देवी घरात आहे रे," ते म्हणाले. "तांदळाच्या डब्यात. रोज पूजा होते तिची, एक दिवस चुकलेला नाही. तुझ्या खंडोबाच्या सुपारीचीसुद्धा होते. मी लपवलं तिला. तुझ्यापासून. मला वाटलं तू न्यायला आलास."

आल्हादने त्यांचा दंड सोडला.  मग पिशवी आणि चष्मा काढून वरच्या पायरीवर ठेवले आणि स्वतःच पाण्यात बुडी मारली.

दोघांनी शोधलं. एका नावाड्याला बोलावलं, त्याने दोनदा बुडी मारून हातभर चिखल वर आणला, त्यात नारळाची शेंडी आणि फुटकी पणती. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. "बाबूजी, मैया को चढ़ाया हुआ वापस नहीं माँगते," म्हणाला आणि पैसेही न घेता नाव वल्हवत निघून गेला.

रिक्षात दोघे ओलेचिंब बसले होते. आल्हाद म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी स्टेशनवर तुम्ही पिशवीला हात घातलात. तेव्हाच विचारलं असतंत, आत काय आहे, तर मी सांगितलं असतं. मला वाटत होतं तुम्ही विचाराल."

बापूंनी अख्ख्या जन्मात आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारला होता, कोंबडीवाल्यालासुद्धा.

"तू तरी का नाही बोललास?" शेवटी ते म्हणाले.

"बाबांनी सांगितलं होतं, आधी बघ, मग बोल," आल्हाद म्हणाला. "मीही बघतच बसलो. जामदारच ना आपण."

घरी दार उघडंच होतं. दुर्गाबाईंनी भरीत केलं होतं, रोडगे भाजले होते, आणि पाहुणा गेला असं समजून देवीला डब्यातून काढून, अंघोळ घालून, जागेवर बसवलं होतं. निरांजनाच्या उजेडात ती चमकत होती. शेजारी सुपारी. दोघांचे ओले कपडे आणि चेहरे बघून त्या काही विचारणार होत्या, पण आल्हाद सरळ देव्हाऱ्यापाशी गेला आणि खाली बसला. देवीला डोळे भरून बघितलं. दाण्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं, गोपाल मंदिरात फिरवलं होतं तसंच.

मग त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली. चांदीचा लहान चौरंग होता, दोन टाक शेजारी शेजारी बसतील एवढा. मागे टेकायला दोन खाचा. पटनी बाजारातून मापाने घेतलेला.

"दोघांसाठी घेतला होता," तो म्हणाला.

बापूंनी काय घडलं ते बायकोला सांगितलं, काही न वगळता.  दुर्गाबाईंनी चौरंग धुतला, पुसला, देवीला एका खाचेत बसवलं. दुसऱ्या खाचेपुढे सुपारी ठेवली. सुपारी खाचेत राहीना, घरंगळायची. शेवटी त्यांनी खाली चिमूटभर तांदूळ घातले, त्याच डब्यातले, तेव्हा ती स्थिर झाली.

खंडोबाच्या तळीचं ताट उचलायला पुरुष पुरेनात म्हणून भय्यासाहेबांना बोलावलं. ते आले, चौरंग बघितला आणि "अरे वा, पाहुण्याने आणला?" म्हणाले. दुर्गाबाईंनी ताट पुढे केलं. येळकोटाचा गजर आल्हाद आणि भय्यासाहेबांनी केला. बापूंनी ताटाला हात लावला होता, ओठही हलत होते.

दुपारची गाडी अर्धा तास लेट होती. प्लॅटफॉर्मवर आल्हादने बॅग स्वतःच्या हातात घेतली आणि पिशवी खांद्यावरून काढून बापूंपुढे धरली. "घ्या काका," म्हणाला. "आता घ्या."

बापूंनी ती घेतली. हाताला काहीच लागलं नाही. एक ओलं लाल कापड तेवढं असावं. शेजारी बाकावर जागा होती, खाली फरशी स्वच्छ होती, पण गाडी येईपर्यंत त्यांनी ती पिशवी कुठे टेकवली नाही, छातीशी धरून उभे राहिले.